बोडीत भिजत घातलेलं घर

भाऊबीजेला आईला माहेरी पोचवता यावं म्हणून मी एक घर बांधलं.

घराला दोन चाकं होती, एक खिडकी होती, आत एक पलंग होता आणि पुढे आमच्या जीपला अडकवायला लोखंडी दांडा होता. (दारही होतं, पण ते आतून लागत नसे. बाहेरूनही लागत नसे. दोरीने बांधावं लागे.) असं घर आख्ख्या शहापुरात दुसऱ्या कोणाकडे नव्हतं. का नव्हतं, हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता.

आईचं माहेर सिहोऱ्याचं. तिथे तिचा एकच धाकटा भाऊ, माझा दौलतमामा. लग्न होऊन आई इकडे आली तेव्हापासून दोघांनी एकही भाऊबीज चुकवली नव्हती. कधी मामा यायचा, कधी आई जायची. मग एकदा आई अंगणात पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. आता ती वॉकर धरून मोरीपर्यंत जाते, पण पाय खाली सोडून जास्त वेळ बसणं तिला जमत नाही. मामाचेही गुडघे धरलेले, म्हणून त्या वर्षीची भाऊबीज आम्ही मोबाईलवर केली.

ती केली नसती तर बरं झालं असतं. फोन उशीला टेकवून उभा केला. पडद्यावर मामा टोपी घालून तयार. आईने कुंकवाचं बोट पुढे नेलं, पडद्यावरच्या कपाळाला टेकवलं, आणि फोन कट! पुन्हा लावला. पुन्हा बोट, पुन्हा कट. तिसऱ्या वेळी मामाचं कपाळ जाऊन तिथे कसलीशी जाहिरात आली आणि आईने तिलाच कुंकू लावलं. आम्ही सगळे हसलो. आई हसली नाही. भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "बोटाले कपाळ नाई लागलं बाप्पा. काच लागली."

यंदा दसरा झाला आणि तिने जाहीर केलं, "मी सिहोऱ्याले जातो म्हणजे जातो. दौलतच्या कपाळाले माहं बोट लागलं पाह्यजे. मंग माहं काहीबी हो."

"पण आई, गाडीत बसता येत नाई तुले," मी म्हणालो.

"झोपून जाईन."

"मंग अँबुलन्स सांगतो."

"अँबुलन्स?" आई उठून बसायच्या बेतात आली. "अँबुलन्समध्ये माहेरी गेली तं अर्धं गाव रडतच बाहेर येईन ना! मामी तुही जागच्या जागी पडन!"

मुद्दा बिनतोड होता. त्याच क्षणी माझ्या डोक्यात घराची कल्पना आली. मी शहापुरात झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान चालवतो, म्हणजे यंत्रांशी माझा रोजचा संबंध. कागद अडकला की मी झाकण उघडतो, आत पाहतो, झाकण लावतो आणि मिस्त्रीला फोन करतो. एवढा अनुभव मला पुरेसा वाटला.

एका मंडपवाल्याकडे लग्नातला जनरेटर वाहून न्यायची दोनचाकी गाडी धूळ खात पडली होती. ती आणली. तिच्यावर प्लायवूडची खोली ठोकली, वर टिनाचं छत टाकलं, दुकानाच्या बोर्डाचा उरलेला पिवळा रंग दिला आणि खिडकीला बायकोच्या लग्नातल्या लाल जरीच्या शालूचा पडदा केला. (बायकोला विचारलं नव्हतं. ते प्रकरण वेगळं आहे आणि अजून मिटलेलं नाही.)

मग मी ऐटीत मामाला फोन लावला. "मामा, यंदा भाऊबीजेले आम्ही येऊन राहिलो! आईले घेऊन!"

"असं?" मामा खूश झाला. (आईला तो बाई म्हणतो.) "पण बाईले तरास कायले? मीच येतो ना तिकडे. आमचा गणेश म्हनत होता का..."

"अजिबात नाई!" मी म्हणालो. "तुमचे गुडघे पाहा पहिले!"

"गुडघ्याचं काय गा, मी तं..."

"मामा, तुमी जागचे हलू नका. सगळी तयारी झाली. फक्त अंगणात गाडी वळवाले जागा ठेवा!"

मामा आणखी काहीतरी सांगत होता, पण मी फोन ठेवला. मला चाकांचा अभ्यास करायचा होता.

तर चाकं. चाकाच्या पोटात बेअरिंग असतं, हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्या बेअरिंगच्या मागे एक सील असतं, हे मला त्याच महिन्यात कळलं आणि मी पुरता वेडा झालो. सील म्हणजे रबराची चपटी चकती. आतलं ग्रीस बाहेर येऊ द्यायचं नाही आणि बाहेरचं पाणी आत जाऊ द्यायचं नाही, एवढंच तिचं काम. किती साधं! किती थोर! मी रात्रंदिवस मोबाईलवर सीलचे व्हिडिओ पाहू लागलो. दुकानात कोणी आधारकार्डाची झेरॉक्स काढायला आलं की मी त्याला सील समजावून सांगायचो. लोक पलीकडच्या दुकानात जाऊ लागले.

भंडाऱ्याला बेअरिंगच्या दुकानात मी अर्धा दिवस काढला. दुकानदाराने विचारलं, "नंबर सांगा."

"नंबर घासला गेला," मी म्हणालो आणि खिशातून बायकोची शिलाईची टेप काढली. दुकानदाराने ती टेप पाहिली, माझ्याकडे पाहिलं, मग निमूटपणे माझं जुनं बेअरिंग घेऊन त्याच्या जोडीची नवी काढून दिली. बेअरिंगमध्ये तो म्हणाला ते मी घेतलं. सीलमध्ये मात्र मी त्याचं ऐकणार नव्हतो.

"हे एका ओठाचं, हे दोन ओठांचं," त्याने दोन सीलं समोर ठेवली. (ओठ म्हणजे पाणी अडवणारी रबरी कड.) "तुमाले एका ओठाचं चालते. डब्बाच तं ओढाचा हाय."

"माही आई बसणार आहे त्याच्यात!" मी म्हणालो. "दोन ओठांचं द्या. पाण्यात बुडवलं तरी थेंब आत गेला नाई पाह्यजे."

"बुडवाचं कायले पण?"

"समजा बुडवलं!"

हे वाक्य माझ्या तोंडून गेलं तेव्हा सोबत आलेले बाबा शेजारी उभे होते. त्यांनी फक्त मान हलवली. बाबा जेव्हा काही न बोलता मान हलवतात तेव्हा समोरच्याने जागीच सावध व्हावं.

बाबांबद्दल सांगायला हवं. बाबांनी उभं आयुष्य शेती केली आणि बैलबंडी हाकली. चाक म्हणजे लाकडाचं, त्यावर लोखंडी धाव, आणि आसाला वंगण, या पलीकडचं सगळं त्यांच्या लेखी नखरा. माझ्या घरालाही ते बंडीच म्हणायचे. भंडाऱ्याहून आलो तर त्यांनी माळ्यावरून बांबूचं जुनं नळकांडं काढलं. त्यात एरंडीचं तेल आणि जाळलेल्या तणसाची, म्हणजे भाताच्या पेंढ्याची, राख घोटून केलेलं काळं वंगण होतं. कधीचं होतं देव जाणे.

"हे लाव."

"बाबा, हे बेअरिंग आहे. याले ग्रीस लागते."

"चाकच हाय ना?"

"चाक आहे, पण..."

"मंग लाव."

मी नाही लावलं. आयुष्यात पहिल्यांदाच मी बाबांना ठाम नाही म्हटलं. तळहातावर ग्रीस घेऊन एकेक बेअरिंग मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर नीट भरलं, कारण ओट्याला उजेड चांगला. दिवाळीचे दिवस. शेजारी चकल्यांचं पीठ. ग्रीस मी तुपाच्या रिकाम्या डब्यात काढून ठेवलं होतं. आता जे व्हायचं ते झालंच! बायको, इंदू, करंज्यांचा एक घाणा तळून पुढच्याला मोहन घालताना एकदम ओरडली, "काय ठेवलं जी तुमी या डब्ब्यात?" त्या घाण्याच्या करंज्या आम्ही टाकून दिल्या. त्यांतली एक बाबांनी आधीच खाल्ली होती. त्यांना काही झालं नाही, फक्त "खुसखुशीत झाली" एवढं म्हणाले.

सील मी हातोडीने ठोकलं नाही. वर लाकडाची फळी ठेवून, चारी बाजूंनी हळूहळू बसवलं, व्हिडिओत दाखवतात तसं. ओठ आतल्या दिशेला. ओठावर ग्रीसचं बोट. एवढं प्रेमाने मी माझ्या मुलीचं बारसंही केलं नव्हतं. सगळं जोडून झाल्यावर मी घर जीपला अडकवलं आणि हायवेवर फिरवून आणलं. काय चाललं म्हणून सांगू! आवाज नाही, डुलणं नाही. परत येऊन मी ऐटीत बाबांना म्हणालो, "पाहा, हात लावून पाहा चाकाले!"

बाबांनी हात लावला. "तापलं."

"थोडं कोमट होतेच."

"तापलं. तहानलं हाय ते. पानी पाजाव लागते."

मला क्षणभर कळलंच नाही. मग बाबांनी समजावलं. बंडीचं लाकडी चाक उन्हात सुकलं की आकसतं, लोखंडी धाव सैल होते. म्हणून नवं चाक असो की जुनं, लांबच्या गावाला जायच्या आधी ते रात्रभर बोडीत बुडवून ठेवायचं. (बोडी म्हणजे आमच्या शेतातलं छोटं तळं.) लाकूड फुगतं, धाव घट्ट बसते. बाबांचं लग्नाचं वऱ्हाड सिहोऱ्याला गेलं ते अशाच भिजवलेल्या चाकांवर.

"बाबा, याच्यात लाकूडच नाई! लोखंड आहे, रबर आहे!"

"नवं चाक हाय का नाई?"

"आहे."

"तुहं वंगण तू लावलं. म्या काही म्हनलं?"

"नाई."

"मंग माहं पानी मी पाजीन."

"पण पाणी आत गेलं तं..."

बाबा याच वाक्याची वाट पाहत होते. "पानी आत कसं जाईन? तूच तं दुकानदाराले म्हनला ना, बुडवलं तरी थेंब जात नाई?"

"जात नाईच!"

"मंग भेतं कायले?"

नाही म्हणावं तर माझं सील खोटं पडतं, हो म्हणावं तर घर बोडीत जातं. आतून आई ओरडली, "काहून वाद घालता गा? बुडवू दे ना बुढ्याले!" आणि खरं सांगतो, मनातून मलाही माझ्या दोन ओठांच्या सीलचा पराक्रम पाहायचाच होता. मीच जीप मागे घेतली. मीच घर बोडीच्या उतारावरून आत ढकललं. चाकं आसापर्यंत थंडगार पाण्यात गेली आणि दोन्ही बाजूंनी बारीक बुडबुडे आले. "पाह्य," बाबा समाधानाने म्हणाले, "पेऊन राहिलं!"

(तेव्हा आत काय चाललं होतं, हे मी नंतर वाचलं. गरम हब, म्हणजे बेअरिंग बसतं तो चाकाचा मधला भाग, थंड पाण्यात घातला की आतली हवा आकसते आणि ओठ दोन असोत की दहा, सीलच्या फटीतून पाणी आत ओढलं जातं. म्हणून गाडी पाण्यात घालायच्या आधी चाकं निवू द्यायची असतात. हे सगळ्या व्हिडिओत सांगतात. शेवटच्या मिनिटाला. मी शेवटचं मिनिट कधी पाहिलंच नव्हतं.)

सकाळी बोडीवर मासे धरायला आलेला एक जण बराच वेळ उभा राहून पाहत होता. शेवटी त्याने विचारलं, "भाऊ, घर भिजत कायले घातलं?" मी म्हणालो, "सील चेक करून राहिलो." तो जाळं खांद्यावर टाकून दुसऱ्या बोडीवर गेला.

घर बाहेर काढलं, पुसलं, दिवाळीभर अंगणात आकाशकंदील लावून उभं केलं. येणारे-जाणारे कौतुक करत होते. आणि आत, माझ्या त्या मौल्यवान सीलच्या मागे, बोडीचं पाणी आरामात बसून बेअरिंगला गंज चढवत होतं.

भाऊबीजेच्या सकाळी निघालो. घरात पलंगावर आई, नवं लुगडं नेसून, उशांना टेकून, मांडीवर ओवाळणीचं ताट. तिच्याजवळ इंदू. जीपमध्ये मी आणि बाबा. भंडारा गेलं, वरठी गेलं. मागून आईचा आवाज येत होता, गाणं म्हणत होती! मी बाबांना म्हणालो, "ऐकलं? कधीपासून नाई ऐकलं तिचं गाणं." बाबा म्हणाले, "चाक भिजवलं म्हनून." मी वाद घातला नाही. इतका मी सुखात होतो.

मोहाडी मागे पडलं आणि गाण्यात आणखी एक आवाज मिसळला. गर्रर्र. मला वाटलं रस्ता खराब आहे. मग किर्रर्र. मला वाटलं रस्ता फारच खराब आहे. मग इंदूचा फोन आला.

"अहो, आई इचारून राहिल्या का कोनी करंज्या जाळून राहिलं का?"

"कुठं?"

"आमच्या खाली!"

मी आरशात पाहिलं. घराच्या डाव्या बाजूने धूर निघत होता, आणि डावं चाक नाचत होतं. गाडी कशीबशी कडेला घेतली. खाली उतरलो तर हब इतका तापलेला की जवळ हात नेववेना. मी काही बोलायच्या आत बाबांनी पिण्याच्या पाण्याची बाटली त्यावर उपडी केली. चर्रर्र! वाफेचा लोट! बाबा वाफेतून गंभीर चेहऱ्याने बाहेर आले आणि म्हणाले, "पानी कमी पडलं. दोन राती ठेवाव लागत होतं!"

मी हब उघडला. आत ग्रीस नव्हतंच. राखाडी ताक होतं. त्या ताकात बेअरिंगचे तुकडे पडले होते, जळून निळे झालेले. आणि सील? सील धडधाकट! एक ओरखडा नाही! इतकं उत्तम सील होतं ते, की आत गेलेल्या पाण्याचा थेंबसुद्धा त्याने दिवाळीभर बाहेर येऊ दिला नाही.

"दुसरं लावा ना मंग," इंदू दारातून म्हणाली. "जास्तीचं सामान आनलं होतं ना तुमी?"

आणलं होतं. मी पिशवी उघडली. पिशवीत चार सीलं होती. बेअरिंग एकही नव्हतं. सील एवढं चांगलं असल्यावर बेअरिंग कशाला खराब होईल, असा माझा हिशोब होता.

मोहाडीत चौकशी केली, सगळं बंद. कोणी म्हणालं आंधळगावला एक दुकान आहे, घरातच दुकान, केव्हाही उघडतो. एका भल्या माणसाच्या मोटरसायकलवर मागे बसून, तुटकं बेअरिंग रुमालात बांधून, मी आंधळगाव गाठलं. दुकानदाराच्या बायकोने दार उघडलं.

"ते घरी नाई जी. बहिनीकडे गेले."

"दुसरं कोनाचं दुकान?"

"त्याहिची बी बहीन आहे ना भाऊ. आज भाऊबीज नाई का?"

खरंच होतं. त्या दिवशी भंडारा जिल्ह्यातला प्रत्येक बेअरिंगवाला कोणत्या ना कोणत्या बहिणीसमोर पाटावर बसला होता. फक्त माझ्या आईचा भाऊ तिकडे रिकाम्या अंगणात वाट पाहत होता, आणि माझी आई एका चाकाच्या घरात रस्त्याच्या कडेला. मला स्वतःचाच भयंकर राग आला.

परत येऊन पाहतो तर घराभोवती ही गर्दी! मला वाटलं आईला काही झालं. माणसं बाजूला सारत पुढे घुसलो. भाऊबीज झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. झुले, दुकानं, दंडार, नाटकं, खेळ, सगळं. त्यामुळे रस्त्याने मंडईला निघालेल्या लोकांना कडेला एक पिवळाधमक डबा दिसला, लाल जरीचा पडदा दिसला आणि पडद्याआड नव्या लुगड्यातली, कपाळभर कुंकू लावलेली, हातात पेटलेल्या निरांजनाचं ताट घेऊन स्तब्ध बसलेली म्हातारी दिसली.

"भाऊ, तिकीट किती?" एकाने मला विचारलं.

"तिकीट नाई रे, देवी हाय," दुसरा म्हणाला. "चपला काढ!"

बायका रांगेने खिडकीशी येऊन हात जोडत होत्या. एकीने आत केळी ठेवली. एकीने आईला विचारलं, "माय, माह्या पोराचं लगन कवा होईन?" आणि आई, जिला कोणी काही विचारलं की उत्तर दिल्याशिवाय राहवत नाही, म्हणाली, "आधी त्याले कामाले लाव, मंग इचार." ती बाई पायावर डोकं ठेवायला आत चढू लागली, तशी इंदू ओरडली, "वर चढू नका वो! एकच चाक हाय!"

"एकाच चाकावर उभी हाय!" बाई मागे वळून गर्दीला म्हणाली. मग तर काय, गर्दी दुप्पट झाली.

मी कसाबसा आत शिरलो. हात काळे, सदरा काळा. आईने माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं आणि तिला सगळं समजलं. निरांजन तिने फुंकून विझवलं.

"राहू दे अशोक," ती म्हणाली. "इंदूले सांगून दौलतले फोन लावला होता. म्हनलं, मोहाडीपुढं चाक मोडून पडलो, यंदा बी नाई जमत बाप्पा. पुढच्या साली पाहू."

"काय म्हणाले मामा?"

"काहीच नाई म्हनला. फोनच ठेवला."

पुढच्या साली! आईच्या वयाला, खुब्यात सळई घातलेल्या माणसाने, पुढच्या साली म्हणायचं! मी घराच्या पायरीवर बसलो. शेजारी बाबा बसले होते. आमच्या दोघांत तो हब पडला होता. बाबा त्याच्याकडे बघत पुटपुटले, "वंगण लावू दिलं असतं तं..." आणि मग माझा चेहरा पाहून तेही गप्प झाले. माझ्या उभ्या आयुष्यात ते मध्येच गप्प झालेले मी तेव्हाच पाहिले.

उन्हं कलली होती. तुमसरच्या बाजूने एक ट्रॅक्टर येत होता, मागे ट्रॉली, ट्रॉलीत छातीइतकं ताजं तणस भरलेलं. लवकर येणारा हलका धान नुकताच कापून निघाला होता, सगळीकडे तणसच तणस. ट्रॅक्टर आमच्यासमोर थांबला. चालवणाऱ्याने हात केला. मामाचा गणेश!

आणि ट्रॉलीतल्या तणसातून एक टोपी वर आली.

"बाई कोठी हाय?" दौलतमामाने विचारलं.

मी पायरीवरून उठून धावलो. "मामा! तुमचे गुडघे?"

"गुडघे तणसात आहेत गा मस्त! हाच तं सांगत होतो फोनवर तुले. गणेश म्हने, ट्रॉलीत तणस टाकू, बाबा तुमी झोपून चला, गादीपेक्षा मऊ. पण तू ऐकतं कोनाचं? जागचे हलू नका म्हनला ना. तुले वाईट वाटू नये म्हनून मी बाईचा फोन येईपर्यंत हललोच नाई!"

मामा तणसावरून घसरत खाली आला, गणेशने आणि मी धरून त्याला घरात चढवलं. घर एका बाजूला कललं होतं, त्यामुळे मामा पलंगावर बसला तो घसरत घसरत आईच्या अगदी जवळ जाऊन थांबला. इंदूने निरांजन पुन्हा पेटवलं. आईने कुंकवात बोट बुडवलं. मामाने टोपी मागे सरकवली. बोट कपाळाला टेकलं आणि तिथेच राहिलं. आईने ते उचललंच नाही. दाबून धरलं, जणू कुठलं बटण आहे आणि सोडलं तर फोन कट होईल.

"बाई, कुंकू डोळ्यात जाऊन राहिलं," मामा म्हणाला. दोघेही रडत होते, त्यामुळे कुणाच्या डोळ्यात काय गेलं ते समजायला मार्ग नव्हता. बाहेर गर्दीतल्या बायकांनीही पदर डोळ्याला लावले. देवी भावाला ओवाळताना त्यांनी तरी कधी पाहिली होती?

आईचे डोळे पुसून झाले आणि तिने खिडकीतून ट्रॉलीकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, "काहून रे अशोक, मले बी असंच तणसावर घालून नेता येत होतं का?"

मी हबकडे पाहिलं.

आईला आम्ही चौघांनी उचलून तणसात ठेवलं. शेजारी मामा. पायाशी इंदू. बाबा ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसले, आणि बसण्याआधी खाली वाकून ट्रॉलीचं चाक हाताने चाचपून पाहिलं. "गणेश, भिजवलं होतं का गा?" त्यांनी विचारलं. गणेश हो म्हणाला. (त्याला काय विचारलं तेही कळलं नसावं.) ट्रॅक्टर वळला आणि सिहोऱ्याकडे निघाला. तणसातून पुन्हा गाणं सुरू झालं, आता दोन आवाजांत. मला कोणी चल म्हटलं नाही. घराला दार लागत नव्हतं, राखण करायला कोणीतरी हवंच होतं.

गर्दी पांगली. मी एकटाच पायरीवर बसलो. तेवढ्यात लांबच्या गावाहून आलेली एक म्हातारी हातात नारळ घेऊन धापा टाकत पोचली. रिकाम्या खिडकीत डोकावली.

"देवी कोठी गेली बापू?"

"माहेरी."

"पोचली का नीट?"

"पोचतीन आता. मी सोबत नाई ना."

तिने समजल्यासारखी मान हलवली, नारळ माझ्या काळ्या हातात ठेवला आणि म्हणाली, "मंग तूच फोड." इकडेतिकडे पाहिलं, दगड सापडेना. मी त्या हबवरच नारळ फोडला. पाणी सरळ आत गेलं. जाऊ दे म्हटलं. सील चांगलं आहे.